पहिली दाढी लोहाराची

कवडू लोहाराची आणि माझी ओळख भांडणातून झाली. चूक त्याची होती, हे आधीच सांगून ठेवते. पुढच्या सगळ्यात चूक कुणाची हे सांगणं इतकं सोपं नाही.

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. गोंदियाकडच्या गोरेगावपासून पाच कोसांवर सालईटोल्याला सरकारी दवाखाना निघाला आणि मला नागपूरहून तिथं नर्स म्हणून पाठवलं. दवाखाना म्हणजे दोन कौलारू खोल्या आणि एक ओसरी. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, तेही रस्ता चालू असला तर. बाकी सगळं माझ्या गळ्यात. पहिल्याच आठवड्यात कात्री बोथट झाली म्हणून मी समोरच्या लोहाराकडे गेले. साठीचा, काटकुळा माणूस ऐरणीशी उकिडवा बसला होता. त्यानं कात्री घेतली, कानाजवळ नेली, नखानं वाजवली आणि माझ्या पायाशी टाकून दिली.

"हे कात्री नोय, बाई. डब्याचा पत्रा हाय."

"सरकारी कात्री आहे ती!"

"मंग सरकारले धार लावाले सांग."

मी तोंडाळ बाई. मी चार शब्द सुनावले, त्यानं पाच. शेवटी त्याची बायको सायत्रा भात्यावरून उठली, कात्री उचलली आणि म्हणाली, "बुढ्याचं मनावर घेऊ नोको. सकारी ये अन् घेऊन जा." सकाळी कात्री मिळाली ती अशी, की कापूस कापताना आवाज येईना. मी आभार मानले तर कवडू म्हणाला, "दुसरी मागव. हे काई टिकत नाई." आणि खरंच ती टिकली नाही.

फाळ, विळे, कुऱ्हाडी सगळेच लोहार करतात. कवडूचं नाव होतं ते वस्तऱ्यासाठी. तिकडे न्हाव्याला म्हाली म्हणतात. चिचगडच्या जंगलापासून सडक अर्जुनीपर्यंतचे म्हाली पायी चालत त्याच्याकडे यायचे. वस्तरा तो आज्याच्या नमुन्याचाच करायचा. रुंद पातं, पाठ दोन धानांइतकी जाड, नाक चौकोनी, पोटाला किंचित फुगवटा. आज्याच्या हातचा मूळ वस्तरा एका गाडग्यात तेलात घालून ठेवला होता. नवा वस्तरा त्याच्या शेजारी धरून पाहिल्याशिवाय पुढचं काम व्हायचं नाही. गोंदियाच्या दुकानात तेव्हा कारखान्याचे, पोकळ घासलेल्या पात्याचे वस्तरे मिळायला लागले होते. त्यांचं नाव काढलं की तो बाजूला थुंकायचा.

वस्तरा मागायला आलेल्या म्हाल्याला तो आधी ओल्या मातीचा गोळा द्यायचा. "दाब. जसा वस्तरा धरतो तसा धर." बोटांचे खड्डे उमटलेला तो गोळा वाळला की भिंतीतल्या फळीवर ठेवायचा आणि त्याबरहुकूम तेंदूच्या काळ्या गाभ्याची मूठ कोरायचा. असे तीस-चाळीस गोळे फळीवर ओळीनं मांडलेले. एकदा एक म्हाली फार वर्षांनी आला. कवडूनं त्याचा जुना गोळा काढून त्याच्या हातात दिला, एक क्षण पाहिलं आणि म्हणाला, "तुजा अंगठा सुजला हाय. आधी समोरच्या बाईले दाखव, मंग वस्तरा." मी तपासलं. अंगठ्याच्या सांध्यात वात भरला होता.

पोलाद तो जुन्या कानशींचं वापरायचा. लाल करून ठोकायचं, आकाराला आणायचं, पुन्हा लाल करून जवसाच्या तेलात बुडवायचं. "आता हे काच झालं," म्हणायचा. "कडक हाय, पन फुटन." मग पातं सहाणेवर घासून पांढरं लख्ख करायचं आणि निखाऱ्यावरच्या जाड तव्यावर पाठीकडून हळूहळू शेकायचं. पांढऱ्या पोलादावर एकामागून एक रंग चढत जातात हे मी तिथंच पहिल्यांदा पाहिलं. रंगांची नावंही त्याचीच. आधी मोहफूल, मग तणस म्हणजे धानाचा वाळका पेंढा, मग सागाचं वाळलेलं पान, मग जांभूळ. वस्तऱ्याला मोहफूल. पहाटे गळून पडलेल्या मोहाच्या फुलाचा तो फिकट पिवळा धारेपर्यंत आला, की पातं तिथल्या तिथं पाण्यात. "आधी काढलं तं धार फुटते. जास्त ठेवलं तं ने, वांगे काप." हे काम तो भर दिवसा करायचा, छपरीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात. कंदिलाच्या उजेडात मोहफूल ओळखू येत नाही, असं त्याचं म्हणणं.

आणि शेवटी त्याच्या घराची रीत. नवा वस्तरा घेऊन म्हाली निघायच्या आधी त्याची पहिली दाढी लोहाराची. कवडू ऐरणीच्या ठोकळ्याला पाठ टेकून बसायचा, मान मागं टाकायचा आणि म्हाल्यानं त्याच्या गळ्यावरून वस्तरा फिरवायचा. रक्त आलं तर वस्तरा जागेवर मोडायचा. त्याच्या आज्याच्या गळ्यावर म्हणे दोन व्रण होते, बापाच्या गळ्यावर एक. कवडूच्या गळ्यावर एकही नव्हता आणि हे तो मान ताणून कुणालाही दाखवायचा, मागितलं नाही तरी.

मी म्हटलं, "बाबा, हा काय वेडेपणा? एखाद्या दिवशी धनुर्वात होऊन मराल."

"ज्याले आपल्या गऱ्याचा भरोसा नाई, त्यानं लोकाच्या गऱ्यासाठी बनवू नये," तो म्हणाला. ळ त्याच्या तोंडी कधी आलाच नाही. गळ्याला तो गरा म्हणायचा आणि डोळ्याला डोरा.

वस्तरा कुणाचाही असो, पहिली दाढी बहुतेक वेळा गावचा सदू म्हालीच करायचा. सदू म्हणजे गोल, पान खाऊन लाल झालेला, अखंड बडबड्या माणूस. कवडू दिवसाला जेवढं बोलायचा तेवढं सदू एका दाढीत बोलायचा. दोघांची चाळीस वर्षांची संगत. एकदा सदू दाढी करताकरता मुद्दाम ओरडला, "अगा कवडू, रगत!" कवडू ताडकन उठला, गळा चाचपला, बोटं डोळ्यांपुढं धरली. बोटं कोरडी. सदू हसून हसून भिंतीला टेकला. कवडूनं पंधरा दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं, आणि सदू पंधराही दिवस रोज येऊन छपरीत एकटाच बोलत बसला.

तीन-एक वर्षांनी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. पातं तव्यावर असताना कवडू पात्याकडे पाहतच नव्हता. तोंड पात्याकडे, पण नजर कुठंतरी कौलात.

"काय?" तो विचारायचा.

"नाई," सायत्रा भात्यावरून म्हणायची.

"काय?"

"नाई म्हनून राहिली ना."

"काय?"

"हां."

आणि तो पातं पाण्यात घालायचा. दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी सायत्राला गाठलं. तिनं आधी घागर भरली, मग डोक्यावरचा पदर नीट केला, मग म्हणाली, "बुढ्याले सप्पाच पिवरं दिसते, बाई. थंडं पातं हातात देल्लं तरी म्हनते मोहफूल आला."

मी त्याला बळंच उजेडात बसवून डोळे पाहिले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकून पिंगट झालेला. पिवळ्या काचेतून पाहावं तसं त्याला सगळंच पिवळं दिसत असणार. मी सांगितलं, गोंदियाला ऑपरेशन होतं, आठ-दहा दिवसांचं काम आहे.

"डोऱ्यात सुरी?" कवडू म्हणाला. "मी जन्मभर सुऱ्या बनवून राहिलो, बाई. सुरी काय करते ते मले ठाऊक हाय."

सायत्रानं माझा हात धरला. "गावाले सांगू नोको. मी हाय ना पाहाले." मी वचन दिलं. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. वस्तरे चांगलेच होत होते. बाई रंग पाहते की पुरुष, पोलादाला काय त्याचं?

पुढच्या उन्हाळ्यात हगवणीची साथ आली आणि सायत्रा दोन दिवसांत गेली. मी मीठ-साखरेचं पाणी पाजत बसले होते. शेवटी शेवटी ती मला काही सांगू पाहत होती, पण ओठ हलले तेवढेच. काय सांगायचं होतं ते मला आजही ठाऊक आहे असं वाटतं, आणि त्या वाटण्याचा काही उपयोग नाही.

त्यानंतर कवडूनं वस्तरे बंद केले. फाळ, कुऱ्हाडी करायचा. त्यांचं काम लाल आगीवर चालतं, तेवढं त्याला दिसायचं. म्हाली आले की म्हणायचा, भाता चालवायला माणूस नाही. मला वाटलं, आपोआप मिटलं. मला सुटल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू?

पण सदूचा वस्तरा झिजून गवताच्या पात्याएवढा झाला होता. तो रोज येऊन भुणभुण लावायचा. एक दिवस म्हणाला, "नाई बनवत तं राहू दे. गोंदियाले जाऊन कारखान्याचा घेऊन येतो." झालं. कवडूच्या वर्मावर बोट पडलं. "कारखान्याचा? बस भात्यावर!" आणि सदू धोतर खोचून सायत्राच्या जागी बसला.

पातं ठोकायला, घासायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी दुपारी मी बाळंतिणीकडून परत येत होते. छपरीत डोकावले तेव्हा पातं तव्यावर होतं. सदू भाता ओढत तोंडानं कुणाच्या तरी लग्नातली गंमत सांगत होता. कवडू पात्यावर वाकला होता. मी चार पावलांवर उभी होते आणि माझे डोळे तेव्हा चांगले होते. पातं पांढरं होतं. पाठीशी किंचित कुठं रंगाची चाहूल, धारेकडे तर साफ पांढरं.

"आला," कवडू म्हणाला. "मोहफूल आला."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. सायत्रा गेल्यापासून पहिल्यांदा त्या माणसाच्या चेहऱ्यावर काही तरी उजळलं होतं. सदूनं मांडीवर थाप मारली, कवडूनं पातं पाण्यात घातलं, चर्र आवाज झाला, आणि मी तोंड मिटलं. मला लोखंडातलं काय कळतं, असं मी स्वतःला सांगितलं. शिवाय पहिली दाढी आहेच की, त्यात कळेल. हेही सांगितलं.

पहिल्या दाढीला मी आयोडीनची बाटली घेऊन हजर राहिले. कवडू ठोकळ्याला टेकला, मान मागं टाकली. सदूनं वस्तरा लावला आणि गप्प झाला. तो गप्प झाल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. गालावरून, हनुवटीवरून, गळ्यावरून पातं असं गेलं की केस कापल्याचा आवाज नाही. रक्ताचा थेंब नाही. सदूनं वस्तरा डोक्याला लावून नमस्कार केला.

"चारीस वर्सांत असा वस्तरा नाई देल्ला तू."

कवडूच्या डोळ्यांत पाणी आलं. "सायत्रा पायजे होती पाहाले," तो म्हणाला. मी बाटली तशीच परत नेली. त्या दिवशी मला किती बरं वाटलं!

हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, आणि कवडूलाही त्या आनंदात सुचलं नाही, की पुरेसं न शेकलेलं पोलाद सुरुवातीला सगळ्यात जास्त धार धरतं. ते पहिल्या दाढीला दगा देत नाही. ते नंतर देतं.

रोवणा लागला. सगळं गाव चिखलात. सदूचीही धानाची एक लहानशी बांधी होती. सकाळी दाढ्या, दुपारी धानाची रोवणी. एका सकाळी, हे मला त्याच्या घरून मागाहून कळलं, वस्तरा सहाणेवर लावून तो अंगठ्याच्या नखावर धार पाहत होता, तर धारेची बारीकशी कपची तुटून नखाखाली गेली. त्यानं वरून तंबाखूचा चुना दाबला आणि चिखलात उतरला. माझ्याकडे आला नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी बाईकडे काय जायचं! कवडूलाही त्यानं सांगितलं नाही. मित्राचा वस्तरा, त्याचा जीव दुखवायचा कशाला? मी ज्या कारणासाठी गप्प बसले, त्याच कारणासाठी तोही.

आठ-नऊ दिवसांनी त्याचा मुलगा मारोती त्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात घेऊन आला. मारोती तिशीचा, शेजारच्या चार गावांच्या दाढ्या करायचा. सदूचा जबडा मिटला होता. त्या बडबड्या माणसाला पाणी मागता येत नव्हतं. पाठ धनुष्यासारखी ताणली जायची, जरा भांडं वाजलं तरी. धनुर्वाताचं सीरम गोंदियाला, आणि मधल्या नाल्याला पूर. माणूस पाठवला तो नाल्यावरून परत आला. ओसरीवर कवडू भिंतीला हात लावून उभा होता.

मी सदूचं नख उचकटून चिमट्यानं आत पाहिलं. काळं पडलेलं मांस, आणि त्यात काही तरी चमकलं. मी ते काढून तामचिनीच्या ताटलीत टाकलं. टिण् झालं.

"काय हाय ते?" कवडूनं विचारलं.

"काही नाही, बाबा. काटा आहे."

"पोलादाचा आवाज हाय, बाई."

तिसऱ्या दिवशी दुपारी सदू गेला. मारोती बापाची धोपटी घ्यायला घरी गेला तेव्हा कवडू त्याच्या मागोमाग गेला आणि वस्तरा मागून घेऊन आला. छपरीत बसून त्यानं पात्यावरून बोट फिरवलं. मध्यावर खाच होती, जोंधळ्याच्या दाण्याएवढीही नसेल. मग त्यानं कानस घेतली आणि पात्याच्या कडेवर ओढली. नीट शेकलेल्या पोलादाला कानस जरा तरी धरते. ही घसरली, काचेवरून घसरावी तशी, किंचाळत. त्यानं पुन्हा ओढली. पुन्हा तसंच. मी दारात उभी होते. तो पुन्हा पुन्हा ओढत राहिला आणि तो आवाज मला सहन होईना, म्हणून मी निघून आले.

दहाव्या दिवशी नदीवर मारोतीचं डोकं भादरून झालं तेव्हा कवडू सगळ्या गावासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "तुज्या बापाले मी मारलं. वस्तरा कच्चा होता. मले दिसत नाई हे मी सांगतलं नाई." मारोतीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तो पाण्यात उतरला. लोक म्हणाले, बुढा बायकोच्या दुःखानं बह्याड झाला. वस्तऱ्याच्या कपचीनं कुठं माणूस मरतो? मीही तिथं होते. मी एक शब्द बोलले नाही. हे दुसऱ्यांदा.

त्यानंतर कवडूनं तोंडाला वस्तरा लावू दिला नाही. दाढी वाढली, छातीपर्यंत आली. थंडी सुरू झाली तेव्हा एका सकाळी तो काठी टेकत दवाखान्यात आला.

"ने मले गोंदियाले."

"सुरीला घाबरत होतात ना?"

"मले पाहाचं हाय," तो म्हणाला.

गोंदियाला ऑपरेशन झाल्यावर डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून त्याला उताणं झोपवलं होतं. आठ-दहा दिवस तो तसाच पडून राहिला. पट्टी निघाली, जाड भिंगाचा चष्मा चढला. त्यानं आधी पलंगाची चादर पाहिली, मग भिंत, मग माझी साडी.

"सप्पा पांढरं हाय," तो म्हणाला. "एवढं पांढरं असते, बाई?"

गावी आल्यावर त्यानं मला भात्यावर बसवलं. कानशीचा एक तुकडा घासून लख्ख केला आणि तव्यावर ठेवला. आता तो कौलाकडे पाहत नव्हता. चष्मा जवळजवळ तव्याला टेकला होता.

"पांढरं," तो म्हणाला. मी भाता ओढत राहिले. "पांढरं." माझे हात भरून आले. "अजून पांढरंच हाय." बाहेर बैल गेले, धुळीचा लोट आला, बसला. मग कुठं तुकड्याच्या पाठीवर पिवळा उमटला आणि हळूहळू धारेकडे सरकू लागला. धारेला पोचायला आणखी तेवढाच वेळ. खरा मोहफूल, पहाटेचा.

कवडूनं तुकडा पाण्यात घातलाच नाही. तो रंग तणसाचा झाला, सागाचा झाला, जांभळा झाला, आणि तो पाहत राहिला.

"एवढा वेर लागते," तो म्हणाला. "सदूच्या वक्ती मी याच्या पावशेरबी थांबलो नाई."

तेव्हा माझ्याच्यानं राहवेना. मी सांगितलं, "बाबा, मी दारात होते. पातं पांढरं होतं. मी पाहिलं होतं."

त्यानं चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. भिंगामागं ते डोळे केवढे मोठे दिसत होते.

"मंग बोलली काऊन नाई?"

त्यानं थोडा वेळ वाट पाहिली, खरोखर उत्तराची वाट पाहिली, आणि मग तवा निखाऱ्यावरून उतरवला. पुन्हा कधी त्यानं ती गोष्ट काढली नाही. तो पूर्वीसारखाच माझ्याशी बोलायचा. माझ्या कात्रीला धार लावून द्यायचा, पत्र्याची आहे म्हणून कुरकुरायचा. मला वाटायचं, एकदा तरी यानं मला शिव्या द्याव्यात.

पुढच्या वर्षी माझी बदली सडक अर्जुनीला झाली. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला छपरीत गेले तर तिथं मारोती उभा होता. कवडूनं त्याला बोलावून घेतलं होतं. ऐरणीवर नवा वस्तरा होता. रुंद पातं, चौकोनी नाक, काळ्या तेंदूची मूठ. चष्मा आल्यावर केलेला पहिला आणि एकुलता. बाजूला आज्याचा वस्तरा जोडून ठेवलेला.

"चष्मा धर, बाई," कवडू म्हणाला. माझ्या हातात चष्मा देऊन तो ठोकळ्याला टेकला, मान मागं टाकली. चष्म्याशिवाय त्याला आता काहीच दिसत नव्हतं. मारोती कितीतरी वेळ नुसता उभा. मग त्यानं वस्तरा उचलला.

वर्षभराची दाढी. आधी कात्रीनं कमी केली, मग पाणी लावलं, मग पातं. मारोती बापासारखा बोलत नव्हता. गाल झाले. हनुवटी झाली. गळ्यावर, घाटीच्या अगदी वर, पातं थांबलं. मारोतीच्या हाताची नस फुगलेली मला दिसत होती. कवडूनं गिळलं, घाटी पात्याखाली वर गेली आणि खाली आली. त्यानं मान आणखी थोडी मागं टाकली. या खेपेला मी "मारोती" एवढं म्हटलं, पण ते कुणाला ऐकू गेलं असेल असं वाटत नाही. मग पातं पुढं सरकलं.

दाढी झाल्यावर मारोतीनं पातं पुसलं.

"पयल्या दाढीवर जाऊ नोको," कवडू म्हणाला. "पयली दाढी काई सांगत नाई. महिनाभर माज्यावरच चालव. रोज ये. मंगच ने."

मारोतीनं वस्तरा हातात एकदा तोलला, बोटं बसवून पाहिली. फळीवरचा सदूचा मातीचा गोळा खाली काढलेला मला तेव्हा दिसला.

"मूठ बाबाची हाय," मारोती म्हणाला. "माज्या हाताले बसत नाई." त्यानं वस्तरा मिटला, ऐरणीवर ठेवला आणि तो गेला.

तिकडे सडकेवर मोटारीचा भोंगा वाजला. कवडू तसाच बसून होता.

"रगत आलं का, बाई?"

"नाही, बाबा."

"पाह्य ना नीट."

मी वाकून पाहिलं. तुळतुळीत गळा, कुठं ओरखडाही नाही. "नाही आलं," मी म्हटलं, "कुठंच नाही."

त्यानं स्वतः गळ्यावरून हात फिरवला, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, दाबून. मग माझ्याकडून चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला आणि हाताची बोटं उजेडात धरून एकेक करून पाहू लागला. मी मोटारीकडे जाताना वळून पाहिलं, तेव्हाही तो बोटंच पाहत होता.